एका लेंग्थनंतर लागणारी धाप: मोठेपणी फ्रीस्टाइल सुधारण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मीनल (नाव बदलले आहे) ४३ वर्षांची आहे. नियमित पळते, दहा किलोमीटर न थांबता. पोहायला शिकली ती चाळिशीत, मोठ्यांसाठीच्या बॅचमध्ये. तिथे पाण्याची ओळख झाली, तरंगता यायला लागले आणि डोके वर ठेवून का होईना, ब्रेस्टस्ट्रोक जमला. पुढची दोन वर्षे त्याच ब्रेस्टस्ट्रोकवर ती अर्धा-पाऊण तास आरामात काढत असे. फ्रीस्टाइलचे, म्हणजे पालथे पोहत आळीपाळीने हात मारण्याचे गाडे मात्र एका लेंग्थवर, तलावाच्या एका लांबीवर, अडले होते. २५ मीटरचा तलाव. पलीकडची भिंत हाताला लागली की दोन्ही कोपरे कठड्यावर टेकून मिनिटभर नुसती धाप. दुसऱ्या लेंग्थला निघायची हिंमत क्वचितच व्हायची, आणि निघालीच तर मध्यावर पाय टेकून उभी राहायची.

तिला ४०० मीटर सलग फ्रीस्टाइल पोहायचे होते. शर्यतीचा विचार नव्हता. शेजारच्या लेनमधले सत्तरीचे गृहस्थ संथपणे जा-ये करताना दिसत आणि आपल्याला ते का जमू नये, हा प्रश्न तिला छळत असे. मग तिने एका प्रशिक्षकांकडे स्वतंत्र शिकवणी लावली, आठवड्याला तीन दिवस.

अडचण

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी काही शिकवले नाही. तिला नेहमीसारखी एक लेंग्थ पोहायला सांगितली, वेळ लावली, किती वेळा हात मारले ते मोजले आणि कडेने चालत मोबाइलवर चित्रण केले. ३४ सेकंद आणि ३१ हात.

मीनलचे स्वतःचे निदान तयार होते: "सर, माझा स्टॅमिना कमी पडतो." दहा किलोमीटर पळणाऱ्या माणसाचा स्टॅमिना २५ मीटरवर संपत नसतो. ताकद होती, ती भलतीकडे खर्च होत होती. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते आणि त्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे पळताना चुकीची ढब जितकी महाग पडते, त्याच्या कितीतरी पट पाण्यात पडते. जोर वाढवून हा हिशेब सुटत नाही, अंगाचा आडवेपणा सुधारून सुटतो.

चित्रणात जे दिसले ते असे. दर दोन हातांनी उजवीकडे श्वास. त्यासाठी डोके आधी समोर उचलले जायचे आणि मग वळायचे. गॉगलच्या दोन्ही काचा पाण्याबाहेर. डोके उचलायला आधार हवा, म्हणून त्याच क्षणी पुढे गेलेला डावा हात पाणी मागे ढकलण्याऐवजी सरळ खाली दाबायचा. छातीत हवा असते, त्यामुळे अंगाचा पुढचा भाग तरंगतो आणि पाय जड पडतात; तराजूच्या दांडीसारखे हे अंग, एक टोक उचलले की दुसरे बुडायचेच. तिचे पाय प्रत्येक श्वासाला हातभर खाली जात आणि ते वर आणायला ती जोराने लाथा मारी. मांड्यांचे स्नायू मोठे, ते प्राणवायूही तसाच ओढतात. म्हणजे श्वास घेण्याच्या खटाटोपातच श्वास संपत होता.

एक गोष्ट चित्रणात दिसली नाही, ती विचारल्यावर कळली. पाण्यात तोंड असताना ती श्वास धरून ठेवायची. तोंड बाहेर आले की त्या अर्ध्या सेकंदात आधी जुना श्वास सोडायचा आणि मग नवा घ्यायचा. इतके कुणालाच जमत नाही. गुदमरल्याची जी भावना होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. प्राणवायू तोवर पुरेसा शिल्लक असतो. न सोडलेला श्वासच तिला "हवा, हवा" करायला लावत होता.

समोर कोणते पर्याय होते

दुष्टचक्र म्हटले की ते कुठून तोडायचे हा प्रश्न येतोच. इथे चार जागा होत्या.

पहिला पर्याय मीनलच्या मनातला: रोज लेंग्थची संख्या वाढवत न्यायची, दम आपोआप वाढेल. वाढलाही असता थोडा. पण चुकीची हालचाल हजारदा केली की ती पक्की होते, आणि हेच तर ती दोन वर्षे करत होती.

दुसरा हातांचा. पाणी नीट पकडायला शिकवायचे, कोपर उंच ठेवून पंजा आणि कोपरापर्यंतचा हात मिळून ते मागे ढकलायचे. पोहण्याचा वेग खरा तिथूनच येतो, पण ज्या हाताला डोके उचलण्याची हमाली लागलेली आहे त्याला पकड शिकवून काय उपयोग?

तिसरा पायांचा: किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी, हातात धरून फक्त पाय मारत लेंग्थ. पाय बुडतात म्हणजे पाय कमजोर, असे सरळ वाटते. चौथा श्वास आणि डोक्याचा.

निर्णय अंदाजाने घ्यायचा नव्हता म्हणून प्रशिक्षकांनी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा तास मला हाच वाटतो. आधी मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा, दिला. पाय आपोआप वर राहिले आणि मीनल थांबत थांबत का होईना, पण धाप न लागता चार लेंग्थ गेली. तिचा चेहरा उजळला: पायच गुन्हेगार! इथे तिसरा पर्याय जवळपास ठरला होता. दुसऱ्या दिवशी पुल बॉय काढून घेतला आणि तोंडासमोरून वर जाणारी सरळ नळी, म्हणजे मधला स्नॉर्कल दिला. आता डोके हलवायचे कारणच उरले नाही. पुल बॉय नसतानाही ती तीन लेंग्थ सलग गेली आणि चित्रणात पाय पृष्ठभागाच्या जवळ होते. पाय तेच, ताकद तीच. फक्त डोके खाली राहिले आणि श्वास मोकळा झाला. पाय बुडणे हा परिणाम निघाला, कारण वर होते.

चौथा पर्याय ठरला.

काय केले

सुरुवात भिंतीला धरून. गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून तोंड पाण्यात घालायचे आणि नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडायचे, संपले की वर येऊन घ्यायचे. ऐकायला पोरखेळ. पण मीनलला सलग दहा वेळा हे जमेना. तिसऱ्या-चौथ्या वेळी छातीत जुनी हवा साचून राहायची. प्रशिक्षकांनी तिला पाण्याखाली गुणगुणायला सांगितले. तोंड मिटून गुणगुणले की नाकातून हवा जावीच लागते, श्वास धरता येत नाही, आणि आवाज थांबला की आपण पुन्हा धरून बसलो हे लगेच कळते. ही साधी युक्ती पुढे तिच्या फार कामी आली. लेंग्थ पोहतानाही ती गुणगुणत असे.

याच सुमारास तिने आपल्या मनाने एक उद्योग सुरू केला होता: "दम वाढवायला" भराभर दहा-वीस खोल श्वास घेऊन पाण्याखाली बसून राहायचे. प्रशिक्षकांनी तो तिथल्या तिथे बंद केला. भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे श्वास घेण्याची सूचना उशिरा मिळते आणि माणूस कसलीही जाणीव न होता बेशुद्ध पडू शकतो. उथळ पाण्यातही यात जीव गेले आहेत, चांगल्या पोहणाऱ्यांचेसुद्धा.

नंतर डोके. तिला आधीच्या बॅचमध्ये "समोर बघा, पाणी कपाळावर हवे" असे शिकवले होते. ही जुनी पद्धत आहे, वेडेपणा नव्हे. अमेरिकन जलतरणपटू जॉनी वाइसमुलरने १९२२ साली १०० मीटर फ्रीस्टाइल पहिल्यांदा एका मिनिटाच्या आत पोहले, तेही डोके चांगले उंच ठेवून. पण त्याच्या पायांत ते पेलण्याइतका जोर होता. चाळिशीत शिकणाऱ्याने तळाकडे, किंचित पुढे बघावे आणि मानेला सुट्टी द्यावी.

श्वासाला वळताना डोके एकटे वळवायचे नाही, सगळे अंग कुशीवर वळते त्याबरोबर ते जाते. हे बसवायला एका कुशीवर राहून पाय मारण्याचे ड्रिल: खालचा हात पुढे, वरचा मांडीवर, एक काच पाण्यात आणि एक बाहेर. पुढे सरकणाऱ्या डोक्याशेजारी पाण्याला खळगा पडतो, तिथे तोंडाला पृष्ठभागाच्या किंचित खालीही हवा मिळते. हे सांगून पटत नाही. मीनलच्या नाकातोंडात बरेचदा पाणी गेले, ठसका लागला, आणि एके दिवशी ओठाचा कोपरा जेमतेम बाहेर असताना श्वास आत आला. ती मध्येच थांबून म्हणाली, "सर, इथे हवा आहे!"

पायांबाबत प्रशिक्षकांनी उलटा मार्ग घेतला. पळणाऱ्यांचे घोटे बहुधा कडक असतात. पाऊल मागे ताणले जात नाही, ते आडवे येऊन ब्रेक लावते. किकबोर्डवर मीनल जागच्या जागी होती. ते सुधारायला महिने लागतात. म्हणून घरी वज्रासनात बसून घोटे मोकळे करायचे आणि पाण्यात पाय कमीत कमी मारायचे, एका हातामागे एक, कमरेतून, फक्त तोल राखण्यापुरते. तिला हा आळशीपणा वाटला. धाप मात्र निम्म्याने उतरली.

पहिला पेच: वेग घटला

तिसऱ्या आठवड्यात मीनलने स्वतःच घड्याळ लावले. ३४ सेकंदांची लेंग्थ आता ४१ सेकंदांना होत होती. हात ३१ वरून २६ वर आले होते, पण तिकडे तिचे लक्ष नव्हते. "मी शिकायला आले की विसरायला?" असे तिने जरा घुश्शातच विचारले.

इथे दोन वाटा होत्या. एक, तिला आठवड्यातून एकदा जुन्या पद्धतीने जोरात पोहू द्यायचे, म्हणजे उत्साह टिकेल. दोन, नवी ढब बसेपर्यंत जुने फ्रीस्टाइल पूर्ण बंद. प्रशिक्षकांनी दुसरी वाट धरली. घड्याळ महिनाभर बंद, मोजायचे ते फक्त हात. पोहल्याचे समाधान हवेच, म्हणून तासाच्या शेवटी ब्रेस्टस्ट्रोक हवा तेवढा. जुनी सवय अधूनमधून वापरत राहिलो तर ती मरत नाही आणि दमलेला माणूस तिच्याकडेच वळतो, त्यामुळे हा निर्णय बरोबर होता असे मला वाटते. पण त्याची किंमत होती. त्या महिन्यात ती दोन-तीनदा आलीच नाही.

दुसरा पेच: पॅडल आणि खांदा

प्रत्येक तलावात लेनमागे एक फुकट सल्लागार असतो. मीनलच्या लेनमधल्या सल्लागाराने तिला हाताला बांधायची मोठी पॅडल घ्यायला सांगितली, ताकद येते म्हणून. शिकवणी नसलेल्या दिवशी ती घालून पोहायला लागली. दोन आठवड्यांत उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले. आधी पोहताना, मग रात्री त्या कुशीवर झोपल्यावर.

दुखण्याचे बी हालचालीत आधीच होते. तिचा उजवा हात डोक्याच्या मध्यरेषेच्या पलीकडे जाऊन, अंगठा खाली करून पाण्यात शिरायचा. अशा वेळी खांदा आतल्या बाजूला पिळला जातो आणि वरच्या हाडाखाली स्नायूंची बंधने चिमटली जातात. पॅडलने त्या प्रत्येक हातावरचा भार वाढवला, इतकेच.

पॅडल बाजूला ठेवायला लागणारच होती. प्रश्न होता, पोहणेही थांबवायचे का. मीनलचे मत "थोडे दुखतेच, चालायचे" असे होते, पळणाऱ्यांना ही खोड असते. प्रशिक्षकांनी हात डोक्यावर नेण्याचे सगळे दोन आठवडे बंद केले आणि तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तिकडून रबरी पट्ट्याचे, खांद्याच्या पात्याचे व्यायाम मिळाले. पाण्यात हात अंगाला चिकटवून कुशीवरची ड्रिल आणि उताणे पाय मारणे सुरू राहिले.

परतल्यावर हात खांद्याच्या रेषेत, बोटे आधी, तळवा खाली असा घालायला शिकवले. मीनलला वाटे, आपण हात पार फाकवून टाकतोय. चित्रणात तो जेमतेम खांद्यासमोर दिसायचा. मोठेपणी शिकणाऱ्याला आपल्या अंगाविषयी जे वाटते आणि जे घडते त्यात असे अंतर असतेच, म्हणून "जरा रुंद" असे सांगून भागत नाही. "घड्याळाच्या अकरा आणि एकवर हात टाका" असे सांगितल्यावर तो जागेवर पडायला लागला.

तिसरा पेच: खोल बाजू

चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला मीनल उथळ बाजूला अर्ध्या तलावात सुरेख पोहत होती. पूर्ण लेंग्थ मात्र अजून बिघडायची, आणि नेहमी एकाच जागी. प्रशिक्षकांनी जुनी चित्रणे काढून बघितली. तलावाचा तळ जिथून उतरायला लागतो, तिथे तिचे हात भराभर व्हायचे आणि डोके वर यायचे. परत येताना उलटे: खोल बाजूकडून निघाल्यावर पहिली दहा-बारा मीटर घाई आणि तळ वर आला की संथपणा. पहिल्या दिवशीच्या चित्रणातही हे होते, पण तेव्हा ते कुणी शोधत नव्हते.

विचारल्यावर ती थोडी ओशाळली. तळ दिसेनासा झाला की पोटात गोळा यायचा. दोन वर्षांत ती खोल पाण्यात भिंतीशिवाय कधी थांबलीच नव्हती. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डोके बाहेर असल्याने खाली बघायची वेळच आली नव्हती.

म्हणजे उरलेली अडचण तंत्राची नव्हती. तंत्राचे तास थांबवून दोन आठवडे फक्त खोल बाजूला काढले, प्रशिक्षक शेजारी पाण्यात आणि कड हाताच्या अंतरावर ठेवून. आधी शिडी धरून तळापर्यंत जाऊन येणे, मग जागच्या जागी तरंगत राहणे. आणि मुख्य म्हणजे पोहता पोहता उताणे होऊन विसावा घ्यायचा, श्वास जागेवर आला की पुन्हा पालथे व्हायचे. हे जमले त्या दिवशी भिंतीची गरज संपली. धाप लागली तरी थांबायला जागा आहे, हे अंगाला कळल्यावर धापही उशिरा लागू लागली.

निष्पत्ती

पाचव्या महिन्याच्या अखेरीस मीनल ४०० मीटर सलग पोहली. ११ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे लेंग्थला सरासरी ४४ सेकंद. हात २३ च्या आसपास. पहिल्या दिवसाच्या ३४ सेकंदांपेक्षा हा वेग कमी आहे हे उघड आहे. पण ती एक लेंग्थ होती, या सोळा. मध्ये दोनदा तिने उताणे होऊन चार-पाच श्वास घेतले. याला "सलग" म्हणावे का, यावर लेनमधल्या सल्लागाराशी वाद झाला म्हणे. पुढे तीन महिन्यांनी विसाव्याचीही गरज राहिली नाही आणि १०० मीटर तिने २ मिनिटे १५ सेकंदांत केले. जुना धापेचा वेग आता चार लेंग्थ टिकत होता.

सगळे सुटले असे नाही. डावीकडून श्वास अजून अवघडून घेतला जातो. शेजारी कुणी जोरात पोहायला लागले की डोके पुन्हा उचलले जाते. घोटे थोडे सैलावले, तरी किकबोर्ड तिला आजही आवडत नाही. खांदा दुखायचा थांबला, पट्ट्याचे व्यायाम चालू आहेत.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी खोल पाणी. "डोक्यापेक्षा खोल पाण्यात, भिंत न धरता, उताणे तरंगता येते का?" हा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर तीन महिने वाचले नसते, पण एक महिना नक्की वाचला असता. दोन वर्षे पोहणाऱ्याला हे येतच असेल असे गृहीत धरले गेले. मोठी माणसे ही भीती आपणहून सांगत नाहीत. तिला वळसा घालून पोहण्याची कला मात्र छान साधतात.

वेग घटणार हे आधी सांगायला हवे होते. प्रशिक्षकांना ते माहीत होते, मीनलला नव्हते. ज्या दिवशी घड्याळ बंद केले त्याऐवजी पहिल्या दिवशी केले असते तर ती शिस्त ठरली असती; नंतर केल्याने ती समजूत काढण्यासारखी झाली.

पुल बॉयबद्दल माझे मत विभागलेले आहे. निदानासाठी तो उत्तम ठरला. पण त्यानंतरही काही आठवडे मीनल शिकवणी नसताना तो वापरत राहिली, कारण त्यावर पोहायला छान वाटते. तो पाय वर धरून ठेवतो, म्हणून डोके उचलण्याची चूक त्यावर खपून जाते. स्नॉर्कलचेही तसेच आहे: डोके स्थिर ठेवायला शिकवतो, पण वळून श्वास घ्यायला शिकवत नाही. दोन्ही साधने तासाच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटे आणि मग काढून, अशी वापरली असती तर बरे झाले असते.

हात मध्यरेषा ओलांडतो हे पहिल्या चित्रणात स्पष्ट होते. श्वास आधी, हात नंतर हा क्रम बरोबरच होता, आणि एका वेळी एकच सूचना द्यायची हेही बरोबर. तरीही ज्या चुकीने इजा होऊ शकते ती या रांगेत थांबायला नको होती. निदान "पॅडल घेऊ नका" एवढे वाक्य तरी पहिल्याच आठवड्यात यायला हवे होते.

आठवड्यातले तीन दिवस पुरेसे होते का? बहुधा हो. प्रत्येक वेळी तासभर पोहण्याऐवजी अर्धा तास ठेवून चौथा दिवस वाढवला असता तर ड्रिल ताजेपणी झाली असती; शेवटच्या वीस मिनिटांत दमलेली मीनल जुन्याच हालचाली गिरवत होती. ते तिने प्रशिक्षकांना सुचवले आहे, आणि डावीकडच्या श्वासाचे काम आता तशाच छोट्या तासांवर चालू आहे.